पुण्यात भाड्याने राहणाऱ्या अल्प उत्पन्न कुटुंबाला कोणती शासकीय मदत मिळते?

धनकवडीची भाडेकरू
नमस्कार. माझे वडील सुरक्षारक्षक आहेत, आई दोन घरी स्वयंपाकाला जाते आणि दोघांचे मिळून वार्षिक उत्पन्न तीन लाखांच्या आत आहे. नऊ वर्षांपासून आम्ही एकाच खोलीत भाड्याने राहतो. भाडे आता ८,५०० रुपये झाले आहे. मालक दर अकरा महिन्यांनी नोटरीकडे कागद करतात, पण त्याची प्रत आम्हांला देत नाहीत. भाड्यापोटी दरमहा काही रक्कम देणारी योजना आहे का? नसल्यास आम्ही कोठे अर्ज करावा? धाकटा भाऊ बारावीत आहे आणि वर्षाच्या मध्येच खोली सोडावी लागेल, ही धास्ती आईला सतत असते.

सहकारनगर
ताई, भाड्याची रक्कम थेट खात्यात जमा करणारी सर्वसाधारण योजना राज्यात नाही. सप्टेंबर २०२४ पासूनच्या प्रधानमंत्री आवास योजना (शहरी) २.० मध्ये परवडणाऱ्या भाड्याच्या घरांचा घटक आहे. परंतु त्यातील अनुदान असे प्रकल्प उभारणाऱ्यांना मिळते, त्यामुळे खासगी खोलीत राहणाऱ्याच्या भाड्याला त्याचा हातभार लागत नाही. विद्यार्थ्यांसाठी मात्र स्वाधार योजना आहे. तीत वसतिगृहात प्रवेश न मिळालेल्या अनुसूचित जाती व नवबौद्ध विद्यार्थ्याला पुण्यासारख्या शहरात जेवण व निवासासाठी वर्षाला ६०,००० रुपयांपर्यंत मिळतात. ती बाहेरगावाहून आलेल्यांसाठी असल्याने आपल्या भावाला लागू होणार नाही. गावाकडचे कोणी शिकायला येणार असेल तर जरूर सांगा.

नोंदणीचे काम करणारा
योजनांच्या आधी मला आपल्या कराराची काळजी वाटते. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ च्या कलम ५५ नुसार भाडेकरार किंवा लिव्ह अँड लायसन्सचा (ठरावीक मुदतीपुरती घर वापरण्याची परवानगी देणारा) करार लेखी असून त्याची नोंदणी झालेली असावी लागते आणि ही नोंदणी करून घेण्याची जबाबदारी घरमालकाची असते. नुसत्या नोटरीने ती पूर्ण होत नाही. नोंदणी न करणाऱ्या मालकाला तीन महिन्यांपर्यंत कैद, ५,००० रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकते. शिवाय नोंदणी नसताना अटींबाबत वाद उद्भवला, तर उलट सिद्ध होईपर्यंत भाडेकरूचे म्हणणे ग्राह्य धरले जाते. भाड्याची पावती मागण्याचा हक्कही याच कायद्याने दिला आहे. घरासाठीच्या कराराचे मुद्रांक शुल्क ०.२५ टक्के दराने आकारले जाते, आपल्या भाड्यावर ते काहीशे रुपयांतच येईल; महापालिका हद्दीत नोंदणी शुल्क १,००० रुपये आहे आणि हे काम ऑनलाइन होते. एक सावधगिरी मात्र बाळगा: लिव्ह अँड लायसन्सची मुदत संपल्यावरही ताबा सोडला नाही, तर ठरलेल्या भाड्याच्या दुप्पट रक्कम भरावी लागू शकते. म्हणून नूतनीकरणाची बोलणी दोन महिने आधीच सुरू करा.

हडपसर
मी आणखी एक सुचवतो. देशात कोठेही पक्के घर नसेल, तर आवास योजनेखाली स्वतःच्या घरासाठी अर्ज करता येतो. हडपसर, खराडी आणि वडगाव खुर्द येथे महापालिकेने असे प्रकल्प केले आहेत. म्हाडाच्या पुणे मंडळाची सोडतही पाहावी. त्यासाठी अधिवास दाखला आणि उत्पन्नाचा पुरावा आताच काढून ठेवा, कारण ऐन वेळी तहसील कार्यालयात खेटे घालण्यात मुदत निघून जाते.

सहकारनगर
सोडतीबद्दल थोडा मतभेद नोंदवतो. चाकणजवळ म्हाळुंग्याला घर लागले आणि आईची कामे धनकवडीतच राहिली, तर जाण्यायेण्यातच दिवस जाईल. हप्ता आणि प्रवासखर्च यांची बेरीज आजच्या भाड्याशी ताडून मगच ठिकाण निवडावे.

धनकवडीची भाडेकरू
सर्वांचे मनापासून आभार. नोंदणीचा विषय काढला तर मालक खोलीच रिकामी करायला सांगतील, अशी वडिलांना भीती वाटते. नोंदणीचा सगळा खर्च आम्ही देतो, असे सांगून पाहावे का?

नोंदणीचे काम करणारा
अवश्य सांगा. पुढच्या नूतनीकरणाच्या वेळीच आणि सौम्य शब्दांत बोला. नोंदणीकृत करारामुळे खोली परत मिळवण्याचा त्यांचा मार्गही सोपा होतो, हे त्यांना समजावून द्या. तोवर भाडे रोखीने न देता बँकेतून पाठवा, म्हणजे वास्तव्याचा निदान इथून पुढचा पुरावा तरी आपल्या हाती राहील.