इनलेटवर परवलयाकार वेग दिला की प्रवाहदर जास्त का येतो?

प्रश्न:
नमस्कार. ५० मिमी व्यासाच्या पाइपमधील पाण्याच्या प्रवाहाचे संगणकावर सिम्युलेशन करीत आहे. सरासरी वेग ०.०२ मी./से. असल्याने रेनॉल्ड्स अंक (प्रवाह शांत की खळबळता हे सांगणारा अंक) सुमारे १००० येतो, म्हणजे प्रवाह लॅमिनर (थराथरांनी शांत वाहणारा) आहे. इनलेटपासून (पाणी आत येण्याच्या टोकापासून) अर्ध्या मीटरवर काटकोनी बेंड आहे. इनलेटवर दिलेले परवलयाकार वेगाचे (मध्ये सर्वाधिक, भिंतीशी शून्य) सूत्र असे:
वेग = २ × सरासरी वेग × [१ − (अक्षापासूनचे अंतर ÷ त्रिज्या)²]
व्यासावर ८ सेल (गणितासाठी पाडलेले छोटे भाग) आहेत आणि प्रवाहदर अपेक्षेपेक्षा सुमारे २ टक्के जास्त येतो. सूत्रात काही चुकते आहे का? की सरळ एकसमान वेग द्यावा?

उत्तर १:
सूत्र बरोबर आहे. सॉल्व्हर (समीकरणे सोडवणारा प्रोग्राम) फेसच्या (सेलच्या इनलेटवरील पृष्ठाच्या) मध्यबिंदूवरचा वेग संपूर्ण फेसला लावतो आणि परवलयाचा माथा वर असल्यामुळे तो वेग त्या फेसवरच्या खऱ्या सरासरीपेक्षा किंचित जास्तच भरतो. सेलची बाजू त्रिज्येच्या चौथ्या भागाएवढी असेल, तर हिशेबाने ही चूक २ टक्क्यांच्या आसपासच येते. बाजू निम्मी केली की चूक चौथाईवर येते. मेश (सेलची जाळी) बदलायचा नसल्यास प्रत्येक फेसचा वेग गुणिले क्षेत्रफळ यांची बेरीज काढून, हव्या असलेल्या प्रवाहदराला तिने भागावे आणि त्या गुणकाने सर्व वेग गुणावेत. (फ्लुएंट या सॉफ्टवेअरच्या यूडीएफमध्ये, म्हणजे वापरकर्त्याने लिहिलेल्या फंक्शनमध्ये, अंतरे मीटरमध्ये मिळतात. तिथे त्रिज्या मिमीमध्ये २५ लिहिली, तर परवलय सपाट होऊन प्रवाहदर थेट दुप्पट होतो.)

उत्तर २:
एकसमान वेगाबद्दल: लॅमिनर प्रवाह पूर्ण विकसित होण्यास (वेगाचा आकार स्थिर होण्यास) साधारण ०.०६ × रेनॉल्ड्स अंक × व्यास, म्हणजे इथे ३ मीटर लागतात. अर्ध्या मीटरमध्ये ते होणार नाही आणि बेंडमधील दुय्यम (पाइपच्या छेदात आडवा फिरणारा) प्रवाह व दाबातील घट दोन्ही वेगळी येतील. पण म्हणून परवलय सरसकट योग्य ठरत नाही. आपण डोमेनबाहेर (सिम्युलेशनमध्ये घेतलेल्या भागाबाहेर) ठेवलेल्या भागात काय आहे, यावर ते ठरते. पाणी टाकीतून गोलाई दिलेल्या तोंडाने नुकतेच आत येत असेल, तर एकसमान वेगच वस्तुस्थितीच्या जवळ जाईल.

प्रश्नकर्ता:
इनलेटच्या आधी ४ मीटर सरळ पाइप आहे, तेव्हा परवलय ठेवतो. पुढे रेनॉल्ड्स अंक २०,००० पर्यंत न्यायचा आहे; तेव्हा हेच सूत्र चालेल का?

उत्तर २:
चालणार नाही. त्या टर्ब्युलंट (खळबळत्या) प्रवाहात मधला वेग सरासरीच्या दुप्पट नव्हे, तर सुमारे सव्वापटच असतो. एक-सप्तमांश घाताचा नियम (वेग भिंतीपासूनच्या अंतराच्या १/७ घाताप्रमाणे वाढतो) कामचलाऊ आहे, परंतु भिंतीलगतचा उतार त्यातून नीट मिळत नाही. त्यापेक्षा पाइपचा छोटा तुकडा पिरिऑडिक सीमाअटीने (बाहेर पडणारा प्रवाह पुन्हा आत देऊन) स्वतंत्रपणे सोडवावा आणि त्यातील वेगाबरोबर टर्ब्युलन्सच्या राशीही इनलेटवर द्याव्यात.