अ‍ॅम्प्लिफायर बंद केला की स्पीकरमधून "थड" आवाज येतो, कसा घालवायचा?

कर्वेनगरकर

नमस्कार मंडळी. घरी जोडलेला स्टिरिओ अ‍ॅम्प्लिफायर आहे, टीडीए७२९४ या पॉवर चिपचे दोन बोर्ड, २४-०-२४ चा ५ अँपिअर ट्रान्सफॉर्मर, ब्रिज, दोन्ही बाजूंना १०,००० मायक्रोफॅरड ५० व्होल्टचे कपॅसिटर, म्हणजे साधारण प्लस-मायनस ३४ व्होल्ट मिळतात. पुढे एनई५५३२ या ऑप-अँप चिपचा टोन कंट्रोलवाला प्रीअँप (पॉवर बोर्डाला सिग्नल देणारा भाग) आहे, त्याला याच ३४ व्होल्टवरून ७८१५ आणि ७९१५ (प्लस आणि मायनस १५ व्होल्टचे रेग्युलेटर) लावून सप्लाय दिलाय. आवाज खूप छान येतो, भीमसेनजींचं गाणं लावलं की मागचा तानपुरा वेगळा ऐकू येतो.

त्रास एवढाच की चालू करताना बारीक "टप" होतं आणि बंद केल्यावर २-३ सेकंदांनी जोरात "थड" होतं, वूफरचा कोन पुढे आलेला डोळ्यांना दिसतो. स्पीकर वडिलांचे आहेत, ८ ओहमचे, कागदी कोनचे, असे आता मिळत नाहीत म्हणून जीव वरखाली होतो. गुरुवारी लाईट गेली की तेव्हाही हेच. तापकीर गल्लीत (पुण्यातला इलेक्ट्रॉनिक्सचा बाजार) विचारलं तर म्हणाले रिले (विजेवर चालणारा स्विच) लाव, झालं. पण रिलेने दुखणं बरं होतं की फक्त झाकलं जातं? आणि मुळात हा आवाज येतो कुठून?

ओहम_काका

रिले आणायच्या आधी एक टेस्ट कर. प्रीअँपकडून येणारी वायर पॉवर बोर्डावरून काढ, बोर्डाच्या इनपुटला सिग्नल आणि ग्राउंड शॉर्ट कर, मग चालू-बंद करून बघ. वडिलांचे स्पीकर नको लावू, जुन्या टीव्हीतला एखादा चालेल. थड गेला तर प्रीअँपचं काम, राहिला तर पॉवर बोर्डाचं.

मला प्रीअँपच वाटतोय, कारण तू लिहिलंयस की आवाज २-३ सेकंदांनी येतो. स्विच दाबताक्षणी आवाज आला असता तर तो स्विचमधल्या ठिणगीचा. उशिरा येणारा आवाज म्हणजे मोठे कपॅसिटर उतरत आलेत आणि कुठलंतरी सर्किट मधेच तोल सोडतंय. ७८१५ आणि ७९१५ दोघं एकाच वेळी कधीच मरत नाहीत, एक बाजू आधी पडते, त्या क्षणी ५५३२ चं आउटपुट उरलेल्या बाजूकडे पळतं, आणि पॉवर बोर्ड तर अजून जागा असतो, त्याच्याकडे ३० च्या आसपास गेन आहे, म्हणजे सिग्नल तितक्या पट मोठा होतो. प्रीअँप अर्धा व्होल्ट जरी हलला तरी स्पीकरवर १५ व्होल्टचा धक्का बसतो.

आणि दुसरी गोष्ट, हे थडपेक्षा महत्त्वाचं आहे. ७८१५ ला इनपुटला जास्तीत जास्त ३५ व्होल्ट चालतात. तुझे ३४ आहेत ते मेन (घरची वीज) २३० असताना, रात्री २५० झालं तर तेच ३७ च्या जवळ जातात. ७२९४ ला काही होणार नाही पण रेग्युलेटर हद्दीबाहेर चाललाय. प्रीअँपला १५-०-१५ चा छोटा ट्रान्सफॉर्मर वेगळा दे, २१ व्होल्ट येतील, निवांत.

सोल्डर_आणि_चहा

काकांचं बरोबर, पण ७२९४ च्या म्यूट पिनांबद्दल कुणी बोललं नाही. पिन ९ स्टँडबाय (चिप झोपवणारी), पिन १० म्यूट (आवाज गप्प करणारी), दीड व्होल्टच्या खाली बंद, साडेतीनच्या वर चालू. कंपनीच्या डेटाशीटमध्ये क्रम स्पष्ट दिलाय: चालू करताना आधी स्टँडबाय सुटला पाहिजे, मग म्यूट, आणि बंद करताना उलट, आधी म्यूट, मग स्टँडबाय. बाजारातल्या स्वस्त बोर्डांवर या दोन्ही पिना एकत्र करून एका रेझिस्टरने सरळ प्लस रेलला (प्लस सप्लायच्या लाईनला) बांधलेल्या असतात, म्हणून तो बारीक टप येतो. बंद करताना तर याचा काहीच उपयोग नाही, कारण रेलवर १०,००० मायक्रोफॅरड बसलाय, तो उतरेपर्यंत चिपला कळतच नाही की लाईट गेली.

उपाय स्वस्त आहे. ट्रान्सफॉर्मरच्या एसी टोकावरून एक १एन४००७ डायोड, त्याला १० मायक्रोफॅरड ६३ व्होल्टचा छोटा कपॅसिटर आणि समांतर १० किलोओहम, तिथून रेझिस्टर आणि ५.१ व्होल्टचा झेनर लावून म्यूटची लाईन काढ. एसी गेली की हा छोटा कपॅसिटर अर्ध्या सेकंदाच्या आत रिकामा होतो आणि मोठे कपॅसिटर भरलेले असतानाच चिप गप्प बसते. लाईट जाण्यासाठीही हेच हवं, कारण तेव्हा स्विचला कुणी हात लावलेला नसतो.

एलएम३८८६ या दुसऱ्या पॉवर चिपवाल्यांना हा त्रास कमी, त्यात अंडरव्होल्टेज प्रोटेक्शन आतच आहे, सप्लाय पुरेसा चढेपर्यंत चिप आउटपुट उघडतच नाही.

पौड_रोड_डीआयवाय

म्यूट लावाच, पण रिले पाहिजेच, आणि तो थडसाठी नाही. उद्या चिप आतून शॉर्ट झाली तर ३४ व्होल्ट डीसी सरळ व्हॉइस कॉईलवर (स्पीकरच्या आतल्या तारेच्या गुंडाळीवर) जातो, ८ ओहमच्या स्पीकरचा डीसी रेझिस्टन्स ६ च्या आसपास धरला तर साडेपाच अँपिअरच्या वर, १९० वॅट, तेही न थांबता. कॉईल काही सेकंदांत जळते. तेव्हा म्यूट काही करू शकत नाही कारण चिपच मेलेली असते.

यूपीसी१२३७ ची किट तापकीर गल्लीत मिळते, ८ पायांची चिप. तीन कामं करते: चालू केल्यावर २-३ सेकंद थांबून रिले ओढते, आउटपुटला डीसी दिसला तर सोडते, आणि पिन ४ वर एसी गेलेली दिसली की लगेच सोडते. किट घेताना ही एसीची वायर बाहेर काढलीय का ते बघा, काही किटवर ती जोडलेलीच नसते आणि मग बंद करतानाचा थड तसाच राहतो, लोक म्हणतात रिले लावून फरक नाही पडला.

वायरिंग नीट वाचा. स्पीकरचा प्लस रिलेच्या कॉमनला, अ‍ॅम्प्लिफायर नॉर्मली ओपनला (रिले ओढल्यावरच जोडलं जाणारं टोक), आणि नॉर्मली क्लोज्ड (रिले सुटलेला असताना जोडलेलं टोक) ग्राउंडला. साध्या रिलेचे कॉन्टॅक्ट ३० व्होल्ट डीसीचे असतात, ३४ व्होल्टला पाच अँपिअर तोडताना ठिणगी लांबते आणि करंट चालूच राहतो. ग्राउंड जोडलेलं असेल तर ती ठिणगी ग्राउंडला जाते, फ्यूज उडतो, स्पीकर वाचतो. रेल फ्यूज मात्र असायलाच हवेत.

कर्वेनगरकर

टेस्ट केली काका. इनपुट शॉर्ट केल्यावर मोठा थड पूर्ण गेला! चालू करतानाचा टप आहे अजून, आणि स्विच दाबताना एक अगदी बारीक "टिक" येते ती आत्ता लक्षात आली. १५-०-१५ चा ट्रान्सफॉर्मर शनिवारी आणतो. पण प्रीअँप वेगळा झाला तरी तो आधी मेला तर थड येणारच ना?

ओहम_काका

येणार, म्हणूनच म्यूट लाईन पण कर. म्यूट आधी लागला की मागे प्रीअँपने काहीही केलं तरी स्पीकरला कळत नाही. वेगळा ट्रान्सफॉर्मर रेग्युलेटर वाचवायला, म्यूट थडला, रिले स्पीकर वाचवायला, तिन्ही वेगवेगळी कामं आहेत. प्रीअँपच्या आउटपुट कपॅसिटरनंतर ग्राउंडला १०० किलोओहम आहे का तेही बघ, नसेल तर लाव, नाहीतर तो कपॅसिटर चार्ज व्हायला पॉवर बोर्डातूनच वाट शोधतो.

टिक स्विचची आहे. स्विचच्या दोन टोकांवर ०.१ मायक्रोफॅरडचा एक्स२ (मेनवर लावायचाच) कपॅसिटर लाव, २७५ व्होल्ट एसी लिहिलेलाच. साधा ४०० व्होल्टचा पॉलिस्टर मेनवर लावू नको, तो शॉर्ट होऊन पेट घेऊ शकतो. आणि हे लावलं की स्विच बंद असला तरी आत थोडा करंट येत राहतो, कॅबिनेट उघडताना प्लग काढायचाच.

हडपसर_बेस

माझा अँप टीडीए२०३० चिपचा, सिंगल सप्लायवाला (मायनस नसलेला) आहे, त्यात म्यूट पिनच नाही, चालू करताना मोठा धप येतो. हेच चालेल का?

सोल्डर_आणि_चहा

तुमचं कारण वेगळं. तुमच्यात आउटपुटला मोठा कपॅसिटर असतो, तो अर्ध्या सप्लायपर्यंत स्पीकरमधूनच चार्ज होतो, तोच धप. इनपुटला अर्धा सप्लाय बनवणाऱ्या डिव्हायडरवरचा कपॅसिटर वाढवा, १०० किंवा २२० मायक्रोफॅरड, म्हणजे आउटपुट हळू चढेल. उशिरा ओढणारा रिले लावलात तर आउटपुट कपॅसिटरच्या स्पीकरकडच्या टोकाला ग्राउंडशी १ किलोओहम द्या, नाहीतर तो चार्जच होणार नाही आणि रिले लागताक्षणी धप येईल.

कर्वेनगरकर

रिले २४ व्होल्टचा मिळाला पण माझ्याकडे ३४ आहेत, चालेल?

पौड_रोड_डीआयवाय

सरळ नको. मल्टीमीटरने कॉईल मोजा, १६०० ओहमच्या आसपास असेल तर तिच्या सिरीजमध्ये ६८० ओहम अर्ध्या वॅटचा. दोन्ही चॅनलला वेगळे रिले समांतर लावणार असाल तर ३३० ओहम १ वॅट. कॉईलवर उलटा १एन४००७ विसरू नका. आणि आधी स्पीकर न जोडता आउटपुटला मीटर लावून बघा, रिले लागल्यावर डीसी १०० मिलिव्होल्टच्या खाली हवा. जास्त दिसला तर स्पीकर जोडू नका, इथे आकडा टाका.