जर्मनीत उरलेलं, तारीख जवळ आलेलं किराणा सामान: खरंच परवडतं का? सल्ला हवा

कोथिंबीरजुडी
नमस्कार मंडळी. ऑक्टोबरपासून बर्लिनमध्ये मास्टर्सला आहे. ब्लॉक अकाउंटमधून (व्हिसासाठी आधी पैसे भरून ठेवावे लागतात ते खातं) महिन्याला ९९२ युरो सुटतात. खोलीभाडं आणि आरोग्यविमा वजा केला की खाण्यापिण्याला उरतं ते सांगण्यासारखं नाही. वर्गातली मुलं टू गुड टू गो या अ‍ॅपवरून दुकानांत उरलेल्या खाण्याच्या स्वस्त पिशव्या घेतात (आत काय ते आधी कळत नाही) म्हणून मीही दोनदा घेतली. पहिली बेकरीची, चार युरोंना: सहा ब्रोटशन (छोटे पाव), दोन प्रेत्झेल आणि एक बेकन घातलेला रोल. मी शाकाहारी. रोल शेजाऱ्याला दिला, ब्रोटशन दुसऱ्या दिवशी दगड. दुसऱ्या पिशवीत सॅलडची पानंच पानं.
यात पैसे वाचतात की वाचल्यासारखं वाटतं? आणि तारीख उलटलेलं दही, अंडी खावीत का? आईला फोनवर सांगितलं तर म्हणाली, शिळंपाकं खायला गेलास का तिकडे.

श्पांडाऊकर
पिशवी हा मटका आहे. लागला तर लागला. आम्ही दोघं सहा वर्षं इथे आहोत, पिशवी महिन्यातून एखादी, तीही ओळखीच्या बेकरीची. अ‍ॅपमध्ये शाकाहारी पिशव्या वेगळ्या निवडता येतात, ते आधी करा.
खरी बचत स्टिकरवाल्या मालात. लिडल, रेवे, एडेका, सगळ्या सुपरमार्केटांत तारीख जवळ आली की ३० टक्क्यांचं लेबल लागतं, काही ठिकाणी ५०. इथे माल डोळ्यांना दिसतो, नको ते सोडून देता येतं. रविवारी दुकानं बंद, म्हणून शनिवारी संध्याकाळी चक्कर मारा. काही दुकानांत लेबलं सकाळीच लावतात. काउंटरवर एकदा विचारून घ्या, सांगतात.
मी काय उचलतो? क्वार्क, म्हणजे इथलं चक्क्यासारखं मऊ ताजं चीज. रात्रभर फडक्यात टांगा, साखर, वेलची, श्रीखंड तयार. फक्त डब्यावर ४० टक्के स्निग्धांश लिहिलेलं घ्या, मागरक्वार्कचं (बिनसायीच्या क्वार्कचं) श्रीखंड खरखरीत लागतं. ताजं दूध अर्ध्या किमतीत मिळालं की पनीर. तापवताना फाटलं तरी बिघडत नाही, नाहीतरी फाडायचंच होतं. लिडलमध्ये कधी तीन युरोंची भाजी-फळांची पिशवी असते, रेटरट्यूटं. ती बघून घेता येते, त्यामुळे मटका नाही.
ब्रोटशन आणल्या आणल्या कापून फ्रीझरमध्ये टाका. दगड झालेच तर हातानं कुस्करा, पाण्याचा हबका मारा आणि कांदा-मोहरीच्या फोडणीवर परता. शिळ्या पोळीच्या कुस्करापेक्षा तसूभर कमी, पण पोट भरतं.

सावळागोंधळ
श्पांडाऊकरांचं पटलं, पण एक सावधगिरी. स्वस्त म्हणून मी एकदा चार डबे क्वार्क आणले. श्रीखंड किती खाणार एकटा माणूस? दोन डबे कचऱ्यात. ३० टक्के वाचवून ५० टक्के फेकले. आता नियम केलाय: आज रात्री किंवा उद्या काय करणार ते दुकानातच ठरत नसेल तर हात लावायचा नाही.

रसायनकाकू
तारखेचं सांगते, कारण इथे दोन तारखा असतात आणि आपली मुलं त्यांची गल्लत करतात. डब्यावर ‘मिंडेस्टेन्स हाल्टबार’ असेल तर ती किमान टिकण्याची तारीख. ती उलटली म्हणजे माल खराब झाला असं नाही, दुकानालाही तो विकता येतो. वास घ्या, चाखून बघा. बंद डब्यातलं दही बहुतेक वेळा आठवडाभर पुढे चालतं. आंबट झालं तर कढी करा.
‘त्सू फरब्राउखन बिस’ (या तारखेपर्यंतच वापरा) असेल तर मात्र हट्ट करू नका. खिमा, कच्चं चिकन यांवर ती असते. त्या दिवसानंतर विकायला बंदी आहे, तुम्हीही खाऊ नका, वास चांगला आला तरी.
अंड्यांची तारीख घातल्यापासून २८ दिवसांची. उलटल्यावर आम्लेट अर्धकच्चं ठेवू नका, नीट उकडा. पाण्यात तरंगलं तर टाका. पावाला बुरशी दिसली तर अख्खा पाव टाकायचा, तेवढा भाग कापून नाही.

मंडईवाला_पुणे
इथे याला अ‍ॅप लागत नाही. संध्याकाळी मंडईत उरलेली भाजी वाट्यावर येते. माझी आजी मुद्दाम साडेसातला जायची. ‘सकाळी भाजीवाला ऐकवतो, रात्री आपण.’ आईला हे सांगा.

श्पांडाऊकर
@मंडईवाला, बर्लिनमध्येही आहे की! मायबाखउफरचा तुर्की बाजार, मंगळवार आणि शुक्रवार. आवराआवर सुरू झाली की टोमॅटो, ढोबळी मिरची, कोथिंबीर यांचे भाव ओरडून उतरवतात. पेटीभर घ्यायची तयारी हवी, म्हणून दोघातिघांत मिळून जावं.

उधारउसनवार
फूडशेअरिंगचं, म्हणजे उरलेलं अन्न वाटून घेणाऱ्या चळवळीचं, कोणी सांगितलं नाही. २०१२ पासून आहे, पैसे लागत नाहीत. ठिकठिकाणी त्यांची कपाटं आणि फ्रीज असतात, फेअरटायलर म्हणतात. कोणीही ठेवावं, कोणीही न्यावं, उत्पन्नाचा दाखला नको. टाफेल ही अन्न वाटणारी संस्था वेगळी, ती गरजूंसाठी, तिथे कागदपत्रं दाखवावी लागतात. ज्यांचं भागतंय त्यांनी तिथली रांग वाढवू नये, असं माझं मत.

कोथिंबीरजुडी
सगळ्यांचे आभार! शनिवारी साडेसातला गेलो. अर्ध्या किमतीत पालक, क्वार्कचा एकच डबा (सावळागोंधळ, लक्षात होतं) आणि डाग पडलेली केळी. एकूण २ युरो ८० सेंट. पालकाची पातळ भाजी दोन दिवस पुरली, केळ्यांचं शिकरण केलं. क्वार्क टांगायला फडकं नव्हतं, धुतलेला रुमाल वापरला. आईला श्रीखंडाचा फोटो पाठवला, रुमालाचं सांगितलं नाही.
मायबाखउफरला येत्या शुक्रवारी कोणी येणार असेल तर इथेच लिहा. टोमॅटोची पेटी एकट्याला संपणार नाही.