अनुभव धागा: उन्हाळा, पाण्याकाठचं घर आणि आपली गाडी

धागाकर्ती, पुणे

पवनेकाठच्या भाड्याच्या तंबूंवर पुष्कळ लिहून झालंय, ते इथे नको. धरण, तळं, सरोवर काहीही चालेल, देश कुठलाही असो, पण मुक्काम ओळखीच्या माणसाच्या घरी हवा आणि प्रवास गाडीने. रस्ता, जेवण, यजमानांच्या तऱ्हा, पाहुण्याने काय न्यावं, सगळं लिहा.

सुरुवात माझ्यापासून. मैत्रिणीचं सासर पळसदेवजवळ, उजनीच्या काठी. पहाटे निघतो, कारण दहानंतर सोलापूर रस्त्यावर एसी लावूनही पोरं कुरकुरतात. हिवाळ्यात भिगवणला रोहित पक्ष्यांसाठी गर्दी असते. मेमध्ये गर्दीही नसते आणि रोहितही बहुतेक निघून गेलेले असतात, पण पाणी उतरलेलं असतं. ते पुरेसं उतरलं की जुन्या गावातलं पळसनाथाचं देऊळ उघडं पडतं, आणि पाऊस कमी झालेल्या वर्षानंतर तर पार देवळापर्यंत चालत जाता येतं. मैत्रिणीच्या सासूबाई लग्न होऊन त्या जुन्या गावात आल्या होत्या. काठीने दाखवत जातात: इथे आमचा वाडा, इथे आड, हा भावकीचा गोठा. आम्ही फोटो काढतो, त्या हद्दी मोजतात. घरी परतल्यावर चिलापी तळलेली, मरळीचं कालवण, ज्वारीची भाकरी. नेताना आंब्याची पेटी न्यावी, मिठाई नको. उन्हात तिचं काय होतं ते सांगायला नको.

वाशी, नवी मुंबई

आमचा मित्र जावळीचा, शिवसागराच्या, म्हणजे कोयना धरणाच्या जलाशयाच्या, पलीकडच्या काठावरचा. वडील इथे मार्केटात माथाडी होते. त्या खोऱ्यातल्या बऱ्याच घरांना वर्षभर कुलूप असतं, मेमध्ये उघडतं. यात्रा, लग्नं, घराची शाकारणी सगळं त्याच महिन्यात उरकायचं.

आम्ही रात्री निघतो, उजाडता सातारा, तिथे मिसळ, मग कास. उन्हाळ्यात पठार तपकिरी, फुलांचा पत्ता नाही, त्यामुळे रस्ता मोकळा मिळतो. पुढे बामणोलीपर्यंत घाटाचा उतार, गाडी दुसऱ्या गिअरला. गाडी तिथेच ठेवून लाँच. (तापोळ्याकडून गेलात तर गाडीसकट तराफ्यावर चढता येतं. लहान पोरांना तीच मोठी मजा.)

पावसाळ्यानंतर लाँच जवळजवळ अंगणाखाली लागते. मेमध्ये तसं नाही. वीजनिर्मितीसाठी पाणी सुटत राहतं, काठ खाली खाली सरकतो. लाँचमधून उतरलं की भेगाळलेल्या गाळातून डोक्यावर सामान घेऊन बराच चढ. मित्राची आई वरून ओरडते, "पाय जपून टाका रं, डाव्या अंगाला चिखल हाय!" वरून कोरडा दिसतो, पाय मात्र गुडघ्यापर्यंत जातो. तिथे पोहत असाल तर गावातला माणूस बरोबर घ्या. उतार एकसारखा नाही, जुन्या ताली आणि झाडांचे बुंधे पाण्याखाली आहेत.

धरण झालं तेव्हा इथली माणसं ठाणे, रायगड, सांगली, सोलापूरकडे पांगली. जी राहिली ती डोंगरात वर सरकली. मित्राचे आजोबा गेले, पण त्यांनी लावलेला फणस आहे. तोही वरच्या घराचा, खालची झाडं बुडाली. संध्याकाळी ओट्यावर बसलं की गप्पा धरण आणि भूकंप सोडून तिसरीकडे जात नाहीत. ११ डिसेंबर १९६७ची पहाट ज्यांनी पाहिली नाही तेसुद्धा पाहिल्यासारखी सांगतात, इतकी ती घराघरात ऐकलेली आहे.

जेवण: नाचणीची भाकरी, कुळथाचं पिठलं, करवंदाची चटणी. नेण्याची वस्तू: औषधं. काकांची बीपीची गोळी संपली की कुणीतरी लाँचने अलीकडे येतं, पुढे साताऱ्याला जातं. आम्ही यादी आधीच मागवून घेतो.

नाशिक

वरच्यांना प्रश्न: वासोटा किल्ला याच फेरीत होतो का?

वाशी, नवी मुंबई

होतो, बामणोलीत वनखात्याची परवानगी काढून. पण मेमध्ये नका करू. वर प्यायला पाणी मिळण्याची खात्री नसते आणि यजमानांचा सगळा दिवस तुमच्या वाटेकडे डोळे लावण्यात जातो. हिवाळ्यात जा.

टोरांटो

आमचा उन्हाळा जुलै-ऑगस्ट. कॉलेजातली मैत्रीण आणि तिचा नवरा दरवर्षी मस्कोकात, म्हणजे शहराच्या उत्तरेकडच्या तळ्यांच्या भागात, आठवडाभर कॉटेज घेतात, आणि आम्ही शनिवार-रविवारला पाहुणे. शुक्रवारी दुपारी निघालात तर चारशे नंबरचा हायवे बॅरीपर्यंत मुंगीच्या पावलांनी सरकतो, कारण अख्खं शहर उत्तरेला निघालेलं असतं. शनिवारी भल्या पहाटे निघावं. ओरिलियाच्या पुढे वेबर्सचे बर्गर खायला थांबतातच सगळे. दुकान एका बाजूला म्हणून हायवेवर पादचारी पूल आहे.

इथे यजमानाचा मेसेज येतो, त्यात यादी असते: चादरी, टॉवेल, प्यायचं पाणी, डासांचं मलम आपापलं आणा. पहिल्या वर्षी आईला हे फार लागलं होतं. "पाहुण्याला चादर आण म्हणतात?" पण घरात धुण्याचं मशीन नव्हतं, आणि सगळं सांडपाणी सेप्टिक टाकीत. डझनभर माणसं आणि एक टाकी, म्हणून आंघोळ पाच मिनिटांत. आई डॉकवर उभी राहून समोरचं अथांग पाणी बघत म्हणाली, "एवढं पाणी दारात, आणि मोजून आंघोळ!" दुसऱ्या दिवशी तिने साडी खोचून सरळ तळ्यात उतरून आंघोळ केली. साबणाशिवाय, कारण तळ्यात साबण चालत नाही असं मैत्रिणीने काकुळतीला येऊन सांगितलं.

स्वयंपाक वाटून. आमच्याकडे पावभाजी असते आणि पाव बार्बेक्यूवर भाजतो. तव्यावर तशी चव येत नाही, हे माझं ठाम मत. रात्री लून पक्षी ओरडतो. डॉलरच्या नाण्यावर असतो तोच. पहिल्यांदा ऐकणारा दचकतोच. मे-जूनमध्ये मात्र येऊ नका, काळ्या माश्या चावून कानामागे रक्त काढतात.

सॅन होजे

टाहोच्या काठी मित्राकडे जातो. कॅलिफोर्नियात राहून ‘तळं’ म्हणजे कोमट पाणी असा समज झाला असेल तर तिथे एकदा पाय बुडवा. सरोवर समुद्रसपाटीपासून सुमारे १,९०० मीटरवर, खोली ५०० मीटर, जुलैतही पोरांचे ओठ निळे पडतात. आणि अस्वलं. गाडीत खाण्याचं काहीही ठेवायचं नाही, हा यजमानाचा पहिला नियम. त्याने आमच्या चकल्यांचा डबा रात्री अकराला डिकीतून काढायला लावला. शेजारच्या गाडीचं दार अस्वलाने कसं उघडलं त्याचे फोटो दाखवल्यावर कुणी हुज्जत घातली नाही. होडीत बसवताना तेरा वर्षांखालच्या मुलांना लाइफ जॅकेट, तो तर कायदाच आहे.

म्युनिक

थोडक्यात: गार्डा सरोवर, मित्र रीव्हाजवळ राहतो. ऑस्ट्रियाचा व्हिनिएट (हायवेच्या टोलचा स्टिकर) घेतला म्हणून निर्धास्त राहू नका, ब्रेनरचा टोल वेगळा पडतो. सकाळी उत्तरेचा वारा, दुपारनंतर दक्षिणेचा. घरातला मुलगा वाऱ्यावर शिडाची फळी चालवतो, त्यामुळे तिथे जेवणाची वेळ वारा ठरवतो. आम्ही पुण्याची माणसं, एकला भूक लागते.

ठाणे

भंडारदरा, शेंडीला मैत्रिणीचं घर. मेचा शेवट ते जूनचा पहिला आठवडा, काजव्यांसाठी. हल्ली शनिवारी घोटीपासूनच गाड्यांची रांग. मैत्रीण आता शनिवारी येऊच देत नाही, मंगळवार-बुधवार या म्हणते. तिचं बरोबर आहे. हेडलाइट आणि मोबाइलचे झोत झाडांवर टाकणारे लोक बघितले की चिडचिड होते. काजवे एकमेकांना शोधायला चमकतात, आपल्याला दाखवायला नाही. आम्ही गाडी घरी ठेवून चालत जातो, बॅटरीला लाल कागद लावून. विल्सन धरण १९२६चं, त्या भिंतीच्या खालची बाग सकाळी बघा, निवांत असते.

नागपूर

सगळे थंड हवेचं लिहिताहेत, आता आमचं ऐका. पारा पंचेचाळीसच्या वर आणि आम्ही निघालो पूर्वेला, भंडारा, साकोली करत नवेगावबांधला. मित्राचं गाव बांधापासून जवळ. लोक विचारतात, उन्हाळ्यात तिकडे कशाला? कारण तेव्हाच तो मोकळा असतो. एरवी धान.

तलाव कोहळी लोकांनी बांधलेला, कोलू पाटलाच्या नावाने सांगतात, इंग्रजांच्या कितीतरी आधी. डोंगरांच्या मधल्या फटी मातीच्या पाळीने बुजवल्या, बाकीचं काम डोंगरांनी केलं. भंडारा-गोंदियात असे तलाव गावोगावी आहेत. मित्राचे वडील म्हणतात, "धरण सरकारचं असते जी, तलाव गावाचा." पाणीवाटपावरून ते अजून भांडतात, म्हणजे ते खरंच गावाचं आहे.

दुपारी घराबाहेर पडायचंच नाही. पडवीत माठ, आंब्याचं पन्हं, झोप. तेंदूपत्त्याचा हंगाम असतो, त्यामुळे घरातली अर्धी माणसं पहाटे जंगलात गेलेली, दुपारी पुडे बांधत बसलेली. आमच्या पोरांना काकूंनी पुडे बांधायला बसवलं आणि बांधलेले मुकाट्याने सोडून पुन्हा बांधले. पाचनंतर पाळीवर. वारा पाण्यावरून येतो तेव्हा गार असतो, खरंच. रात्री अंगणात खाटा, मच्छरदाणी, आणि मित्राच्या वडिलांचा रेडिओ, जो कुणी सांगितल्याशिवाय बंद होत नाही आणि सांगायची कुणाची हिंमत नाही.

पाहुण्याने काय न्यावं विचारलंय, तर संत्र्याची बर्फी नेली होती. काकू म्हणाल्या, "पुढच्या वेळी बर्फी राहू द्या, टायर-ट्यूब आणा. पोरांना तलावात तरंगायला."

धागाकर्ती, पुणे

ट्यूबची कल्पना पळसदेवला चालेल. ट्रॅक्टरची मिळते का हल्ली, की ट्यूबलेसच्या जमान्यात शोधत फिरावं लागेल?