मदत हवी आहे: पर्किंजे पेशीत एमग्लूआर१ चा संथ करंट मिळत नाही

घटप्रभा:
नमस्कार मंडळी. बेळगावात उंदराच्या सेरेबेलमच्या (लहान मेंदूच्या) २५० मायक्रॉनच्या कापांवर काम सुरू आहे. तिथल्या पर्किंजे या मोठ्या चेतापेशींत एमग्लूआर१ या ग्लुटामेट रिसेप्टरचा संथ करंट शोधते आहे. पर्किंजे पेशी −७० मिलिव्होल्टवर, गाबाचा करंट रोखायला पिक्रोटॉक्सिन १०० मायक्रोमोलर. दाणेदार थरात इलेक्ट्रोड ठेवून २० हर्ट्झने २ पल्स देते. एनबीक्यूएक्स १० मायक्रोमोलर घातल्यावर आम्पाचा (ग्लुटामेटच्या जलद रिसेप्टरचा) करंट जातो, पण पल्सपाठोपाठ एक छोटा करंट उरतो. संथ करंट तो हाच का? पेशीला जोडलेल्या पिपेटमध्ये बाप्टा (कॅल्शियम बांधून ठेवणारं) १० मिलिमोलर, जीटीपी घातलेलं नाही.

खानापूरकर:
ताई, हा तो नव्हे. पल्सपाठोपाठ येणारा तो ग्लुटामेट ट्रान्सपोर्टरचा करंट असणार. एमग्लूआर१ चा करंट सावकाश चढतो, शिखर गाठायलाच काहीशे मिलिसेकंद लागतात. हे रिसेप्टर सिनॅप्सच्या ऐन मध्यात नसतात, कडेला असतात. दोनच पल्सने सुटलेलं ग्लुटामेट तिथवर पोचण्याआधीच ट्रान्सपोर्टर उचलून नेतात. म्हणून १०० हर्ट्झने १० पल्सची माळ द्या आणि दोन माळांत निदान एक मिनिट जाऊ द्या. इलेक्ट्रोड आण्विक थरात, डेंड्राइटजवळ हलवा. दाणेदार थरातून दिलेल्या पल्सने विखुरलेले समांतर तंतू (दाणेदार पेशींचे) पेटतात, मग शेजारच्या सिनॅप्सचं ग्लुटामेट एकत्र साचत नाही. माझ्या मते तुमची मुख्य अडचण इथेच आहे.

निपाणीकर:
पिपेटकडेही बघा की. एमग्लूआर१ स्वतः चॅनल नाही; जीटीपीवर चालणाऱ्या जीक्यू प्रथिनामार्फत टीआरपीसी३ चॅनल उघडतं (हे २००८ मध्ये टीआरपीसी३ नसलेल्या उंदरांत दिसलं). जीटीपीशिवाय ही साखळी होल-सेलमध्ये (पिपेटचं द्रव पेशीत मिसळत असताना) हळूहळू मरते. सोडियम-जीटीपी ०.४, मॅग्नेशियम-एटीपी ४ मिलिमोलर घाला. पेशीतल्या कॅल्शियमने हा करंट बळावतो, त्यामुळे बाप्टा काढून ईजीटीए (कॅल्शियम संथपणे बांधणारं) ०.५ मिलिमोलरवर या. जीटीपीच्या छोट्या कुप्या करून गोठवा, वितळलेली परत गोठवू नका. वळवाच्या दिवसांत रात्री लाइट जाते, तेव्हा फ्रीझर बॅकअपवर हवाच.

घटप्रभा:
आभारी आहे. करंट आला तर तो एमग्लूआर१ चाच हे कसं ठरवू? आणि अजून लहानच राहिला तर पल्सचा जोर वाढवू का?

खानापूरकर:
एमग्लूआर१ रोखणारं सीपीसीसीओईटी १०० मायक्रोमोलर द्या. संथ करंट गेला पाहिजे, ट्रान्सपोर्टरचा राहिला पाहिजे. ट्रान्सपोर्टर रोखणाऱ्या टीबोआने उलट घडतं: ट्रान्सपोर्टरचा जातो, संथ वाढतो. मात्र टीबोआ जास्त वेळ ठेवलं तर ग्लुटामेट साचून पेशी बिघडते. जोर एकदम चढवू नका, क्लायंबिंग तंतू (पर्किंजे पेशीला येणारा दुसरा, एकटाच जोरदार तंतू) पेटेल. एनबीक्यूएक्सखाली तो चटकन ओळखूही येत नाही, म्हणून ते घालण्याआधीच तपासा: जोर वाढवताना करंट पायरीपायरीने वाढला तर समांतर तंतू, एकदम पूर्ण उसळला तर क्लायंबिंग. आधी पल्सची संख्या ५, १०, १५ करून पाहा.