रझ्मनामा : भाषांतर की बादशहाचं राजकारण?

चष्मिष्ट :
काल डबा खाताना एकजण म्हणाला, अकबराने महाभारत फारसीत आणलं, तोच रझ्मनामा, केवढा उदार माणूस! मला नाही पटत. १५८२ ला हुकूम सुटला, काम फतेहपूर सिक्रीत, आणि पद्धत काय तर पंडित संस्कृत वाचून हिंदीत अर्थ सांगणार आणि नकीब खान वगैरे दरबारी मंडळी ऐकून फारसीत उतरवणार. हे भाषांतर? त्यात आपल्याकडे ७०० श्लोकांवर ज्ञानोबांच्या नऊ हजार ओव्या आणि इथे अख्खी गीता दोन-चार पानांत गुंडाळलेली. भीष्माचा राजधर्म मात्र ऐसपैस. बादशहाला काय हवं होतं ते दिसतंच की.

खडूसकाका :
अरे ज्ञानेश्वरी टीका आहे, तुलना कशाची कशाशी करतोस. अकबराचा दरबारी लेखक अबुल फझल याची रझ्मनाम्याला १५८७ ची प्रस्तावना आहे, ती बघ. तो म्हणतो, सामान्य मुसलमानांना वाटतं जग सात हजार वर्षांचं, कारण दुसऱ्यांचे ग्रंथ त्यांनी उघडलेच नाहीत, महाभारतात तर लाखो वर्षांचा हिशेब आहे. म्हणजे दरबारासाठी हा जगाचा इतिहास होता, नुसती गोष्ट नव्हे.

चष्मिष्ट :
काका, हेच तर राजकारण! मौलवींची जिरवायला आपला ग्रंथ वापरला.

तिखटमीठ :
जिरवायचीच होती तर भाषांतराला दरबारातल्या बदायूनीला कशाला बसवला? तो कट्टर, मनाविरुद्ध कामाला जुंपलेला, तीन-चार महिन्यांत १८ पैकी २ पर्वं केली आणि स्वतःच्या इतिहासात, जो त्याने लपवूनच ठेवला होता, या मजकुराला पोरकट म्हणून मोकळा झाला. वर बादशहाकडून हरामखोर आणि शलगमखोर (सलगम खाणारा) अशा शिव्याही खाल्ल्या. (शलगमखोर! मी घरी वापरायला लागलेय.) पण खरी गंमत पुढे. प्रत्येक कर्माचं फळ मिळतं अशा अर्थाची एक ओळ आली तर बादशहा भडकला, ही कयामत (इस्लाममधला शेवटच्या निवाड्याचा दिवस) तूच पदरची घुसडलीस म्हणून, आणि बदायूनीची उलट सफाई की मूळातच तसं आहे. आता सांग, मूळाची फिकीर नसलेला राजा एका ओळीवर अडेल का?

चष्मिष्ट :
अडला कारण कयामत नको होती, मूळाचं प्रेम वगैरे काही नाही. आणि मूळ म्हणताय तर रझ्मनाम्यातलं अश्वमेध पर्व व्यासांचं नाहीच, जैमिनीच्या नावावरच्या वेगळ्या ग्रंथातलं आहे.

खडूसकाका :
मग आपला श्रीधर कवी? त्यानेही जैमिनीचाच अश्वमेध मराठीत आणला, आजीच्या पोथीला कधी विचारलंस का, व्यासांचं कुठंय म्हणून?

चष्मिष्ट :
श्रीधराला पगार बादशहा देत नव्हता, काका.

तिखटमीठ :
बरं भांडा. दसवंत, बसावन या दरबारी चित्रकारांची चित्रं असलेली रझ्मनाम्याची शाही प्रत जयपूरला आहे, दीडशेच्या वर चित्रं, पण बघायला मिळत नाही ही माझी खरी तक्रार.