बॉस्टनची फ्रीडम ट्रेल मुलांसोबत: सगळी चालावी की निवडक?

पायवाट
नमस्कार मंडळी. जूनअखेरीस बॉस्टनमध्ये एक पूर्ण दिवस हाताशी आहे. मुलगी नऊ वर्षांची, मुलगा पाच वर्षांचा, शिवाय भारतातून आलेले सासू-सासरे सोबत. शाळेत पॉल रिव्हिअरची (इंग्रज फौज येतेय हे सांगायला १७७५ मध्ये रात्री घोड्यावरून निघालेला बॉस्टनकर) गोष्ट ऐकल्यापासून मुलीने फ्रीडम ट्रेलचा, म्हणजे अमेरिकन स्वातंत्र्यलढ्याची ठिकाणं जोडणाऱ्या पायी वाटेचा, ध्यास घेतलाय. अडीच मैल म्हणजे चार किलोमीटर, वाटेत १६ ठिकाणं. धाकटा एवढं चालेल का? सासूबाईंचे गुडघेही दुखतात. सुरुवात कुठून करावी, काय गाळावं? आणि जुन्या इमारती बघून मुलं कंटाळू नयेत म्हणून तुम्ही काय करता?

चार्ल्सकाठ
आमच्याकडे पाहुणे आले की ही वाट ठरलेली, म्हणून सविस्तर लिहितो. १६ च्या १६ ठिकाणं करायचा हट्ट सोडा. पाच-सहा ठिकाणी नीट थांबा, बाकीच्यांवरून चालत पुढे जा.

सुरुवात बॉस्टन कॉमनपासून करा. १६३४ पासूनची ही सार्वजनिक जागा, अमेरिकेतली सर्वांत जुनी बाग. तिथून फुटपाथवर तांबडी रेघ सुरू होते, कुठे विटांची, कुठे रंगाची. रेघ शोधायचं काम धाकट्याकडे सोपवा. "आता कुठे वळली?" एवढ्या प्रश्नावर पाच वर्षांचं मूल बरंच चालतं. उन्हाळ्यात कॉमनमधल्या फ्रॉग पॉन्डमध्ये मुलं पाण्यात खेळतात, पण तिथे सकाळीच गेलात तर पुढचा दिवस हातचा गेला. ते शेवटी ठेवा.

स्टेट हाउसचा, म्हणजे राज्याच्या विधानभवनाचा, सोनेरी घुमट बाहेरून पाहिला तरी चालेल. ग्रॅनरी दफनभूमीत मात्र जरूर जा. जॉन हॅनकॉक, सॅम्युअल अ‍ॅडम्स आणि तुमच्या मुलीचा पॉल रिव्हिअर हे स्वातंत्र्यलढ्यातले तिघेही पुढारी तिथे पुरलेले आहेत. जुन्या दगडांवर पंख असलेल्या कवट्या कोरल्या आहेत, त्या शोधण्यात मुलं रमतात. दगडांना हात लावायचा नाही, कागद ठेवून छापही घ्यायचा नाही, हे आधीच सांगून ठेवा.

जेवायला फॅनिल हॉल या जुन्या सभागृहामागचं क्विन्सी मार्केट सोयीचं. बसायला जागा आहे, स्वच्छतागृहं आहेत, आणि अर्धीअधिक ठिकाणं तोवर झालेली असतात. फॅनिल हॉलच्या माथ्यावर वारा दाखवणारा सोनेरी नाकतोडा आहे, तो पहिल्यांदा कोणाला दिसतो ही पैज लावा.

गडवेडा
माझं मत उलट आहे. मुलांना सगळ्यात जास्त आवडतं ते यूएसएस कॉन्स्टिट्यूशन हे जुनं लढाऊ जहाज, आणि ते वाटेच्या पार दुसऱ्या टोकाला. कॉमनपासून निघालात तर तिथे पोहोचेपर्यंत सगळे थकलेले असतात. सकाळी लाँग वॉर्फवरून फेरीने चार्ल्सटाउन नेव्ही यार्डला जा. दहाएक मिनिटांचा प्रवास आहे, आणि ११ वर्षांपर्यंतच्या मुलांना मोठ्यांसोबत तिकीट लागत नाही. फेरीमुळे नॉर्थ एंड (रिव्हिअरचं घर असलेली जुनी वस्ती) आणि चार्ल्सटाउन यांच्यामधला पूलही टळतो. त्या टप्प्यात मुलांनी बघावं असं काही नाही आणि ऊन फार लागतं.

यूएसएस कॉन्स्टिट्यूशन १७९७ मध्ये पाण्यात उतरलं आणि आजही नौदलाच्या सेवेत आहे. बघायला पैसे पडत नाहीत, पण सुरक्षा तपासणी असते. मोठ्यांनी फोटो असलेलं ओळखपत्र जवळ ठेवा, सासू-सासऱ्यांचे पासपोर्ट विसरू नका. शेजारच्या संग्रहालयात मुलांना खलाशांच्या झोळीत झोपून बघता येतं.

जवळच बंकर हिलच्या लढाईचा स्मारकस्तंभ २२१ फूट उंच, पायऱ्या २९४, लिफ्ट नाही. नऊ वर्षांची मुलगी आरामात चढेल. धाकट्याला आजी-आजोबांसोबत खाली हिरवळीवर बसवा, कारण अर्ध्यावरून त्याला कडेवर घेऊन चढणं त्या अरुंद गोल जिन्यात फार कठीण जातं.

पायवाट
दोघांचेही आभार! फेरीची कल्पना घरात सगळ्यांना पटली. एक शंका आहे. बॉस्टन मॅसॅकरच्या, म्हणजे बॉस्टन हत्याकांडाच्या, जागी पाच वर्षांच्या मुलाला काय सांगायचं? मुलगी तर खोदून खोदून विचारेल.

आजी_फिरस्ती
खरं तेच सांगा, पण बेताने. ओल्ड स्टेट हाउसच्या (सोनेरी घुमटाचं ते नव्हे, इंग्रज अमलातलं जुनं) सज्जाखाली दगडांचं एक वर्तुळ आहे. ५ मार्च १७७० ला जवळच गर्दी आणि इंग्रज शिपाई समोरासमोर आले, लोकांनी बर्फाचे गोळे फेकले, गोळ्या सुटल्या आणि पाच माणसं गेली. धाकट्याला एवढं पुरे. मग त्याला छपरावरचे सिंह आणि युनिकॉर्न दाखवा.

मुलीला पुढचं सांगा. त्या शिपायांचं वकीलपत्र जॉन अ‍ॅडम्सने घेतलं, जो पुढे अमेरिकेचा दुसरा राष्ट्राध्यक्ष झाला. आठांपैकी सहा शिपाई निर्दोष सुटले. उलट पॉल रिव्हिअरने छापलेल्या चित्रात शिपाई रांगेत उभे राहून हुकमाबरोबर गोळ्या झाडताना दिसतात. ते चित्र फोनवर उघडा आणि तिथेच तिला विचारा, याने असं का दाखवलं असेल? आमच्या नातीने त्यावर जेवणभर वाद घातला. मुलांना गोष्ट अशी अर्धी उकलून द्यावी, उरलेली त्यांना ओढू द्यावी.

आणि आजी-आजोबांना नुसते सोबतीला नेऊ नका, बोलतं करा. १६ डिसेंबर १७७३ च्या रात्री इंग्रजांच्या करावर चिडलेल्या बॉस्टनकरांनी बंदरात फेकलेला चहा ईस्ट इंडिया कंपनीचा होता. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये शनिवारवाड्यात नारायणराव पेशव्यांचा खून झाला. मार्च १७७५ मध्ये रघुनाथरावांनी इंग्रजांशी सुरतेचा तह केला, एप्रिलमध्ये इथे रिव्हिअर घोड्यावर निघाला. अमेरिकन स्वातंत्र्ययुद्धात यॉर्कटाउनला ज्याच्या इंग्रज फौजेने शरणागती पत्करली तो कॉर्नवॉलिस पुढे गव्हर्नर जनरल होऊन आपल्याकडे आला. शाळेतला इतिहास आणि आजोबांचा इतिहास एकाच काळातला आहे, हे कळलं की मुलांचे डोळे चमकतात. तुमचे सासरे हे रंगवून सांगतील.

गडवेडा
आजी, हे फारच सुंदर. नॉर्थ एंडबद्दल राहिलं होतं. रिव्हिअरचं लाकडी घर साधारण १६८० चं. त्याला दोन लग्नांतून १६ मुलं होती. एवढ्याशा घरात शिरण्याआधी हे सांगा, मग मुलं खाटा मोजत फिरतात. याचं तिकीट जरूर काढा. जवळच ओल्ड नॉर्थ चर्च, १७२३ चं. रिव्हिअर निघाला त्या रात्री तिथल्या मनोऱ्यात खूण म्हणून दोन कंदील लावले गेले, म्हणजे इंग्रज फौज पाण्याच्या मार्गाने निघाली. कंदील रिव्हिअरने स्वतः लावले नाहीत, आणि त्या रात्री निघालेला तो एकटाही नव्हता. तोच निरोप घेऊन विल्यम डॉझ दुसऱ्या रस्त्याने गेला. रिव्हिअर वाटेत पकडला गेला आणि काँकॉर्ड गावापर्यंत निरोप पोहोचवला तो सॅम्युअल प्रेस्कॉटने. घर आणि चर्च यांच्यामध्ये रिव्हिअरचा अश्वारूढ पुतळा असलेलं मोकळं पटांगण आहे, मुलांना पळू द्यायला तेच बरं.

पायवाट
मग असं करतो: सकाळी फेरी, जहाज, लेक आणि मी स्तंभावर. फेरीनेच परत, क्विन्सी मार्केटमध्ये जेवण, नंतर नॉर्थ एंड. वेळ उरला तर ओल्ड स्टेट हाउसवरून कॉमन. धाकट्यासाठी स्ट्रॉलर आणू का?

चार्ल्सकाठ
आणा, पण घडी होणारा हलकाच. नॉर्थ एंडचे फुटपाथ अरुंद आहेत आणि विटा उंचसखल. सासूबाईंना चपलेऐवजी बूट घालायला लावा. जहाज आणि रिव्हिअरचं घर कोणत्या वारी, किती वाजता उघडतात ते आदल्या रात्री पाहून घ्या. आणि राष्ट्रीय उद्यान खात्याच्या केंद्रात ज्युनियर रेंजरची पुस्तिका मागा. कोडी सोडवून दाखवली की रेंजर मुलांकडून शपथ घेतात आणि बॅज देतात. तुम्ही नेव्ही यार्डपासून सुरू करताय, तर ती तिथेच सकाळी घ्या, म्हणजे भरायला पूर्ण दिवस मिळेल.